मुद्गल, घोडा आणि मी

"त्यात काय, मी आणतो व्यायामाची साधनं!" असं चहाच्या घोटाबरोबर मी बोलून गेलो. (चहा फक्कड झाला की मी कुणालाही काहीही कबूल करतो. म्हणून कचेरीत मला चहा फार मिळतो.)

त्या पावसाळ्यात गोदावरीला पूर येऊन गेला आणि शिक्षिकांच्या व्यायामवर्गाच्या मैदानात गुडघाभर चिखल झाला. वर्ग बंद. परीक्षा मात्र ठरल्या दिवशीच. "घरी सराव करा," असं भागुबाई मास्तरणींनी सांगितलं. माझी बायको सिंधू आणि खालच्या मजल्यावरची अनवरी, दोघी त्या वर्गात. पास झाल्या तर शाळेत ड्रिल शिकवायची कायमची जागा, नापास झाल्या तर पुन्हा पोळपाट-लाटणं. आणि घरी फिरवायला लाटण्याखेरीज काही नाही!

मी तालमीत गेलो. यादव वस्तादांनी पोरांची हलकी मुद्गलजोडी माझ्या हाती दिली. मी वाकलो. (नमस्काराला नव्हे.)

"गुरूंनी दिलेली आहे. एक चीर गेली तर तोंड दाखवू नका," वस्ताद म्हणाले.

दोघी माडीवर पदर खोचून मुद्गल इतक्या सफाईनं फिरवू लागल्या, की मला राहवेना.

"मनगट सैल सोडा," मी म्हणालो. "थांबा, दाखवतो."

मी मनगट सैल सोडलं. मुद्गलानं मला सोडलं आणि ते खिडकीतून बाहेर गेलं.

खाली धप्प! पाठोपाठ अनवरीचे सासरे रहेमानभाई ओरडले, "या अल्ला! गेला, गेला!"

मी डोळे घट्ट मिटून घेतले. "अगं, बघ ना, श्वास चालू आहे का?"

सिंधू खिडकीतून वाकली. "कुणाचा?"

"जो गेला त्याचा!"

"अहो, घोडा गेला! टांग्यासकट!"

दाराशी उभा असलेला रहेमानभाईंचा घोडा बिचकून रविवार कारंजाच्या चौकाकडे सुटला होता. पुढे ऐन बाजार, माणसंच माणसं. रहेमानभाईंचा गुडघा धरलेला. मी धावलो. धोतर वर खोचलेलं, बाह्या सारलेल्या आणि दुसरं मुद्गल हातात तसंच. मागून सिंधू आणि अनवरी ओरडत होत्या, "धरा! धरा!"

लोकांनी मला धरलं.

हवालदारानं दंडुका रोखला. "कुणाचं डोकं फोडायला निघालात?"

"घोड्याच्या मागे..."

"मुक्या जनावराचं?"

"नाही हो! मुद्गल खिडकीतून पडलं. म्हणजे हे नव्हे, दुसरं..."

"आणखी एक आहे?"

तेवढ्यात दोघी माझ्याकडे न बघता पुढे निघून गेल्या. गर्दीच्या तोंडाशी सिंधूनं घोड्याचा लगाम धरला, अनवरी उडी मारून टांग्यात चढली आणि तिनं लगामाच्या दोऱ्या खेचल्या. घोडा एका भाजीवालीच्या टोपलीपुढे थांबला आणि मेथी खाऊ लागला. माझा जीव भांड्यात पडला.

टांगा रुबाबात माघारी आला. "हवालदारसाहेब, सोडा त्यांना," सिंधू म्हणाली. "आमचेच आहेत."

घरी रहेमानभाईंनी घोड्याचे चारही पाय चाचपले. "काही नाही झालं, रंगनाथभाऊ. बसा, घोड्यापेक्षा तुम्हालाच जास्त धाप लागली." पहिलं मुद्गल हिरव्या गवताच्या भाऱ्यात लोळत होतं. साधा ओरखडासुद्धा नाही! मी त्याला उराशी धरलं. (कबूल करतो, डोळे भरून आले.)

संध्याकाळी भागुबाई दारात उभ्या. दोघींचे चेहरे पडले. भर बाजारातून पदर खोचून धावणाऱ्या मास्तरणींना कोणती शाळा कामावर ठेवणार?

"मी तिथंच मेथी घेत होते," भागुबाई म्हणाल्या. "माझीच जुडी खाल्ली त्यानं. पण माझ्या मुली अशा धावतील, असं मला वाटलं नव्हतं!" आणि त्या मनापासून हसल्या.

परीक्षेत दोघी पहिल्या वर्गात पास झाल्या. पेढे द्यायला गेलो, तेव्हा भागुबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सिंधूबाई, पुढच्या महिन्यात जखमीला पट्ट्या बांधायचं शिकवायचं आहे. तुमचे यजमान मिळतील का? त्यांना काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं."

"न्या की," सिंधू म्हणाली. "तेवढं त्यांना शिकवावं लागणार नाही."