फ्रिजवरून उतरलेले सासरे

सुतारकाम आमच्या रक्तातच आहे. आजोबा सुतार, काका सुतार. मी विमा कंपनीत कारकून असलो म्हणून काय झालं? आणि ते खरंच रक्तात आहे हे पहिल्याच दुपारी सिद्ध झालं, कारण करवतीला लागलेलं सगळं रक्त माझंच होतं.

मला बनवायचं होतं व्हिडिओ गेमचं मशीन. लहानपणी ओसाकात आमच्या गल्लीतल्या गोळ्या-बिस्किटांच्या दुकानाबाहेर असायचं तसं. उभं, दांडीचं, लाल बटणांचं, नाणं टाकलं की चालू होणारं. बायकोची, चिझुरूची, एकच अट होती.

"त्याला दारं लाव. पाहुणे आले की ते धूड कपाट वाटलं पाहिजे."

"अगं, राजवाड्यात शोभेल असं करतो!"

पहिली फळी कापली ती तिरकी. ती सरळ करायला गेलो तर आखूड. मग तिच्या मापानं बाकीच्या कापल्या, त्याही तिरक्या. असं करत करत माझ्या उंचीचं मशीन माझ्या छातीपर्यंत आलं. भोकं पुट्टी भरून बुजवली, पुट्टी दिसू नये म्हणून काळाकुळकुळीत रंग दिला आणि फटी दिसू नयेत म्हणून वर सोनेरी पट्ट्या मारल्या. बिजागऱ्या पितळी. प्लग चटयांच्या खोलीतल्या कोनाड्यात होता, म्हणून मशीनही तिथंच ठेवलं. दारं लावून लांबून पाहिलं. झकास दिसत होतं. कशासारखं तरी दिसत होतं, पण कशासारखं ते काही केल्या आठवेना.

ते सासूबाईंना आठवलं.

सासरे वारल्यावर सासूबाईंनी घर विकून एक छोटी खोली घेतली. पितरांचा देव्हारा तिथं मावेना, म्हणून तो त्यांनी मठात देऊन टाकला. तेव्हापासून सासऱ्यांच्या नावाची पूजेतली लाकडी पट्टी फ्रिजवर उभी होती. याचं सासूबाईंना फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की त्या मला बोलायच्या. "जावयाला खिळा ठोकायला सांगा, भिंत पाडून दाखवेल."

ओबोनच्या दिवसांत, म्हणजे पितर घरी येतात तेव्हा, त्या पीचची पेटी घेऊन न सांगता हजर झाल्या. चिझुरू बाजारात गेली होती. सासूबाई चटयांच्या खोलीत शिरल्या, कोनाड्यासमोर थबकल्या आणि धपकन गुडघ्यांवर बसल्या.

"जावईबापू, हा देव्हारा तुम्ही स्वतःच्या हातांनी केलात? ह्यांच्यासाठी?"

काळा रंग, सोनेरी पट्ट्या, पितळी बिजागऱ्या; आमच्याकडे पितरांचे देव्हारे अगदी असेच असतात. मला आठवलं, पण उशिरा. त्या रडत होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं कधीच पाहिलं नव्हतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "त्यात काय एवढं."

त्यांनी लगेच मठात फोन लावला. ओबोनमध्ये गुरुजी स्कूटरवरून घरोघर मंत्र म्हणत फिरत असतात. ते शेजारच्याच गल्लीत होते. सासूबाईंनी पिशवीतून सासऱ्यांची पट्टी काढली. "सणाला ह्यांना एकटं कसं ठेवू, म्हणून बरोबरच आणलंय."

तेवढ्यात चिझुरू आली. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"आईला आत्ताच्या आत्ता खरं सांग," ती म्हणाली.

"तू सांग. आई तुझी आहे."

"मशीन तुझं आहे!"

तिनं आत डोकावलं. आई रुमालानं पट्टी पुसत त्या पट्टीशीच हसून बोलत होती. चिझुरू जरा वेळ बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "वायर काढ आणि गप्प बस."

मी वायर काढली. पडद्यापुढे, दांडी आणि बटणांच्या मधोमध, सासरे विराजमान झाले.

"ही लाल बटणं कसली?"

"नक्षी आहे, आई," चिझुरू म्हणाली.

"आणि ही फट?"

"दानपेटी," मी म्हणालो.

गुरुजी आले. तरुण असताना अंगानं भरलेले असावेत, आता पोटानं भरले होते. आम्ही पाय मुडपून बसलो, मंत्र सुरू झाले. माझे पाय बधिर झाले. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सासूबाईंना देव्हाऱ्यातला विजेचा दिवा लागलेला दिसेना. त्या वाकल्या, वायर सापडली, आणि चांगल्या गृहिणीसारखी त्यांनी ती प्लगमध्ये खोचली. वर भक्तिभावानं दानपेटीत नाणं टाकलं.

तुतारी वाजली. पडदा उजळला. वरून हिरव्या राक्षसांच्या रांगा सासऱ्यांच्या डोक्यावर उतरू लागल्या.

"अगबाई, ह्यांच्यावर कोण चालून येतंय? जावईबापू, वाचवा ह्यांना!"

मी उठलो. पाय माझे राहिले नव्हते. मी थेट पीचच्या पेटीत तोंडावर पडलो.

"सरका," गुरुजी म्हणाले. बाह्या वर सारल्या, पट्टी हलक्या हातानं बाजूला ठेवली, दांडी धरली आणि एकेक राक्षस टिपायला लागले. असा सराव मठात होत नाही.

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे हा देव्हारा नाहीच."

मी चटईवर कपाळ टेकवलं. "नाही. मी माझ्यासाठी केलं होतं. चुकलं माझं."

चिझुरूनं माझा हात घट्ट धरला, आधारासाठी की चिमटा काढायला, ते अजून कळलेलं नाही.

"स्टेशनसमोर कॉफीच्या दुकानात असंच एक होतं," सासूबाई म्हणाल्या. "ऑफिस सुटलं की हे तिथं. इकडे जेवण गार. मी कान धरून घरी आणायची." त्यांनी नाक पुसलं. "फ्रिजवर किती कंटाळले असतील. गुरुजी, ह्यांना इथं ठेवलं तर चालेल?"

"चालेल," गुरुजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "फक्त डावं बटण जरा कडक आहे."

आता सासरे मशीनमध्येच असतात. सासूबाई रोज येतात, भात ठेवतात, उदबत्ती लावतात आणि खेळायला बसतात. मला खेळायचं असेल तर आधी अंघोळ करावी लागते. जिंकल्यावर नाव टाकायचं असतं, तिथं त्या दर वेळी सासऱ्यांचं टाकतात. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर सासरे आहेत, दुसऱ्या क्रमांकावर सासरे आहेत आणि तिसऱ्यावर गुरुजी.

वडीलधाऱ्या माणसाला, त्यातून स्वर्गवासी, मागे टाकणं बरं दिसत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हाला म्हणून सांगतो, मला ते जमतच नाही.