डोंगरावर सोडलेला स्वभाव

वाघोत्र्यात माणूस गेला की त्याचा स्वभाव मागे घरातच राहतो, आणि तेराव्याच्या आत घरातल्या कुणाला तरी तो घ्यावा लागतो. कुणी घेतला नाही, तर नगरपंचायतीचा निसर्ग विभाग तो उचलतो आणि गावामागच्या डोंगरावर नेऊन सोडतो. डोंगर मुळात ओसाड होता म्हणतात. आज तिथे जे काही झाडझाडोरा, पाणी, दगडधोंडे आहेत, ते सगळे घरोघरच्या नको असलेल्या स्वभावांवर पोसलेले आहेत. म्हणून तिथलं एक जांभूळ पिकलेलं फळ खाली सोडत नाही. एक ओढा चारचौघांत खळखळतो आणि एकटंदुकटं कुणी गेलं की गप्प होतो. वरच्या अंगाला एक कातळ आहे, त्याच्यासमोर मोठ्यानं बोललेलं त्याला खपत नाही. परगावचे लोक या सगळ्याला निसर्ग म्हणतात. वाघोत्र्याचे लोकही निसर्गच म्हणतात, फक्त तो कुणाचा हे त्यांना माहीत असतं.

इंदुमतीचे वडील आप्पा खराडे गेले, तेव्हा त्यांचा स्वभाव सोप्यातल्या बाकड्यावर बसून राहिला. तो कसला होता हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. आप्पांना काहीही विचारा, पहिलं उत्तर ‘नाही’. शेजाऱ्यानं शिडी मागितली, नाही. देवळाच्या कमिटीवर या म्हटलं, नाही. मग रात्रभर ते त्या ‘नाही’वर कूस बदलत पडायचे, आणि उजाडताना शिडी शेजाऱ्याच्या दारात उभी असायची, वर सैल झालेल्या पायऱ्या घट्ट ठोकून दिलेल्या. कोल्हापूरला पुढं शिकायला जाऊ का, असं इंदूनं विचारलं होतं, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठून गेले होते. सकाळी तेच तिची ट्रंक घेऊन स्टँडवर उभे होते, आणि हिला यायला उशीर झाला म्हणून करवादत होते.

ते गेल्यावरही घरात हेच चालू राहिलं. दार ढकललं की अडायचं, आणि माणूस कंटाळून मागे वळला की आपसूक उघडायचं. गॅस पहिल्या काडीला पेटायचा नाही. संध्याकाळी लावलेला रेडिओ मुका राहायचा आणि पहाटे सगळे झोपेत असताना अभंग म्हणायला लागायचा. आल्यागेल्यानं नुसती मान हलवावी आणि ‘आप्पाच हे’ म्हणावं.

स्वभावाच्या बैठकीला निसर्ग विभागातून मगदूम आले. मगदूम म्हणजे कडक इस्त्रीचे, हळू बोलणारे गृहस्थ. लोकांच्या घरात अशा वेळी कसं वावरावं याचं वळण त्यांना नोकरीनं लावलेलं होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आधी बाकड्याला नमस्कार केला आणि मग माणसांना.

“वारस दोघंच ना?” त्यांनी विचारलं.

“दोघंच. मी आणि ही इंदी,” वसंता म्हणाला. वसंता हा इंदूचा थोरला भाऊ, आणि स्वभावानं बापाच्या अगदी उलट. त्याच्या तोंडून कधी कुणी ‘नाही’ ऐकलं नव्हतं, आणि त्यानं हो म्हटलेलं काम झालेलंही कुणी पाहिलं नव्हतं.

“थोरले म्हणून आधी तुम्हाला विचारतो. वडिलांचा स्वभाव घेणार?”

“घेतो की. बापाचाच हाय, घेतल्याबिगार कसं हुईल,” असं म्हणत वसंतानं खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. “पण शेडबाळे डॉक्टर नको म्हणत्यात. माझी प्रकृती पहिल्यापासनं पित्ताची. त्यात हे आत बसलं की रात्रीची झोप जाणार. सोसणार न्हाई म्हणत्यात.”

मगदूमांनी चिठ्ठी वाचली. प्रकृतीचं कारण नियमात बसत होतं. मग ते इंदूकडे वळले. “ताई, तुम्ही?”

“नाही,” इंदू म्हणाली.

ती असं का म्हणाली हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सासरी इचलकरंजीला सासूबाई काय म्हणतील, हे मनात आलंच नव्हतं. शब्द आपला आपण तोंडातून पडला होता. मगदूम नियमात आहे तेवढं थांबले, तिच्याकडे एकदा बघितलं, ‘दोन्ही वारसांचा नकार’ असं लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले.

त्या रात्री इंदूला झोप आली नाही. उजाडायच्या आत ती उठली, आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली. आप्पांचा स्वभाव आपणच घ्यायचा हे आता तिचं पक्कं झालं होतं, आणि कालच्या ‘नाही’नंतर यात काही बदल झाला आहे असंही तिला वाटत नव्हतं. तिनं सोप्याचं दार ढकललं. दार पहिल्या ढकलीला उघडलं.

बाकडं रिकामं होतं. निसर्ग विभागाचं हे काम पहाटेच चालतं, कारण ऊन चढलं की स्वभाव ताठर होतो आणि जागचा हलत नाही. विभागाचा माणूस ओल्या फडक्यानं तोंड बांधलेली कळशी सायकलीला अडकवून केव्हाच डोंगराकडे गेला होता. इंदू बाकड्याच्या कडेला बसली आणि बराच वेळ रडली. वसंता चूळ भरत बाहेर आला, तिला बघून म्हणाला, “काढतो काहीतरी मार्ग,” आणि परत आत गेला.

रडण्याचं कारण एवढंच नव्हतं. आप्पा जायच्या आधीच्या महिन्यात इंदू त्यांना आपल्याकडे न्यायला म्हणून आली होती. त्यांचा खोकला वाढला होता आणि वसंताच्या ‘बघतो की’वर त्यांना ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं. “आप्पा, चला माझ्याकडं,” ती म्हणाली. “नाही,” आप्पा म्हणाले. हे उत्तर तिला जन्मापासून पाठ होतं. त्याच्यावर एक रात्र जाऊ द्यायची असते हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण त्या दिवशी ती दमलेली होती, मुलांच्या परीक्षा होत्या, आणि खरं सांगायचं तर तिला त्या ‘नाही’चा कंटाळा आला होता. आप्पा पाठ फिरवून पडले होते. ती न सांगताच संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली.

पुढचं तिला दिवसकार्याच्या गर्दीत शेजारच्या मालूकाकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आप्पा दाढी करून, पांढरी टोपी घालून, पिशवी पायाशी ठेवून बाकड्यावर बसले होते. दुपार कलेपर्यंत बसले होते. मधे एकदा त्यांनी काकूंना विचारलं, “इंदी उठली न्हाई व्हय अजून?” काकूंनी काय ते सांगितलं. त्यावर ते पिशवी उचलून आत गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती वसंताला घेऊन निसर्ग विभागात गेली. “मला नकार मागे घ्यायचाय,” ती म्हणाली.

“घेता येतो,” मगदूम म्हणाले. “डोंगरावर एकदा मुरला की अवघड जातं, पण आप्पांचा अजून मुरलेला नसावा. मात्र वैद्यकीय तपासणी लागेल. तुमच्या प्रकृतीला तो मानवतो का, एवढंच बघतात.”

शेडबाळे डॉक्टरांचा दवाखाना समोरच होता. डॉक्टरांनी इंदूची नाडी बघितली, जीभ बघितली. मग खुर्ची पुढे करून म्हणाले, “बसा.”

“नको,” इंदू म्हणाली, आणि थोड्या वेळानं बसली.

“पाणी घेणार?”

“नको.”

डॉक्टर पेला तिच्यापुढे ठेवून दुसरा पेशंट बघायला गेले. परत आले तेव्हा पेला रिकामा होता. त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

“हा स्वभाव तुम्हाला देता येणार नाही,” ते म्हणाले. “तुमच्यात तो आधीपासून आहे. सगळाच्या सगळा आहे, जन्मापासूनचा. भरल्या हंड्यात आणखी एक हंडा ओतून काय उपयोग? सांडून जाईल.”

“मग झालं की,” वसंता खूश होऊन म्हणाला. “उगाच जिवाला घोर लावून घेतलीस. तुला मिळालेलाच हाय.”

“मला तो माझ्यात नको होता, दादा,” इंदू म्हणाली. “मला तो समोर बसलेला हवा होता.”

यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं आणि मगदूमांकडे नियम नव्हता. दोघं विभागात परतल्यावर मगदूमांनी डॉक्टरांचा दाखला वाचून अर्ज नामंजूर केला, शाई वाळू दिली आणि मग म्हणाले, “बघायला हरकत नाही. नेता येणार नाही, पण बघायला मी स्वतः घेऊन जातो.”

संध्याकाळी इंदू आणि मगदूम डोंगराच्या फाटकातून वर चढले. जांभळाखालून गेले, कातळापाशी आवाज खाली आणला. कातळाच्या पलीकडे एका कपारीत नुसती ओल असायची, तिथं आता चांगला झरा लागला होता. गावातल्या बायकांनी त्याला लगेच नावं ठेवायला सुरुवात केली होती. लांबून पाणी पडताना दिसतं, मगदूम सांगत होते, पण कळशी लावली की बंद होतं. तक्रारी आल्या आहेत, विभागानं नोंद घेतली आहे.

इंदू पाण्याच्या अगदी जवळ गेली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं नव्हतं, आणि ठरवायची गरजही नव्हती.

“आप्पा,” ती म्हणाली, “चला माझ्याकडं.”

धार बारीक झाली, थेंबावर आली आणि थांबली. कपार कोरडी पडली. मगदूम चपलेकडे बघत उभे राहिले. दुसऱ्यांच्या घरच्या बोलण्यात कुठे बघायचं हे त्यांना चांगलं माहीत होतं. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, “नकार आला, ताई. फाटक बंद व्हायची वेळ झाली.”

“सकाळी कधी उघडता?”

“पाणी भरणाऱ्या बायका येतात तेव्हा. पण मी सांगितलं ना, नेता येणार नाही. पाणी नेता येतं. स्वभाव फाटकाच्या आतच राहतो.”

इंदूची इचलकरंजीची गाडी त्याच संध्याकाळची होती. नवरा तिकडे वाट बघत होता, मुलांची शाळा होती. तिनं मालूकाकूंच्या घरून फोन केला, आज येत नाही म्हणून सांगितलं, आणि वसंताकडे मुक्काम केला.

पहाटे फाटक उघडलं तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती. जांभळापासून पुढे ती जवळजवळ पळतच गेली. झऱ्यापुढचे दगड धुऊन स्वच्छ झाले होते. रात्रीचा पालापाचोळा एका बाजूला सारलेला होता. पाणी भरभरून आलं होतं आणि वाटेच्या कडेपर्यंत येऊन तिथं थांबलं होतं. ते पुढे उतारावर वाहतही नव्हतं आणि मागेही सरत नव्हतं. आप्पा निघायला तयार होऊन बसले होते.

इंदूनं वाकून पाण्यात दोन्ही हात घातले. पाणी गार होतं. तिनं हात तसेच राहू दिले.

मागून बायका आल्या. त्यांतली एक परटाची तरणी सून होती, ती कळशी घेऊन पुढे झाली. “जरा सरकता का, आक्का?” इंदू सरकली. कळशी विनातक्रार भरली. सुनेला नवल वाटलं.

“काल सांजच्याला थेंब दिला न्हाई यानं,” ती म्हणाली. “तुमचं कोण?”

“वडील.”

“चांगले हायत की मग. लोक उगंच बोलत्यात.”

“चांगलेच आहेत,” इंदू म्हणाली. “यायला निघालेत. मलाच नेता येत नाही.”

सुनेनं कळशी कमरेवर घेतली, आणि अशा गोष्टी घरोघरी असतात तशी मान हलवली. “मग बसा की घटकाभर,” ती म्हणाली आणि उतरायला लागली.

इंदू बसली. बायका येत होत्या, पाणी भरून जात होत्या. ऊन कातळावर आलं तरी पाणी वाटेच्या कडेला तसंच थांबलेलं होतं.