मेश्राम सरांची काळी शाई

दर शनिवारी मेश्राम सर काळी शाई आणि ब्रश घेऊन सातवीच्या वर्गात जात आणि आठवडाभरात आपण चुकीचं शिकवलेलं मुलांच्या वह्यांतून पुसून घेत.

अर्जुनी मोरगावजवळच्या त्या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून नवी होते. विचारलं, "सर, हे काय?"

"जपान," ते म्हणाले.

इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या पराभवाला दोन ओळी होत्या. सरांना आठ दिवस पुरत नसत. देश हरला, परकं सैन्य आलं, शाळेतून लढाईचे धडे काढायचा हुकूम झाला. नवी पुस्तकं नव्हती, म्हणून मुलांनी जुन्यांवरच शाई फासली. "अन् मॅडम, ज्या मास्तरानं काल घोकून घेतलं, त्यालेच सांगा लागलं, हे पुसा. आपण हारलो नाई म्हणून काय चुकत नाई?"

छप्पर गळलं की वर्ग मोहाच्या झाडाखाली. "जपानची पोरं उघड्यावरच शिकली!" कबड्डीत हरलो की सर खूश. "आता खरी शाळा सुरू!"

एकदा तपासणीचे साहेब त्या वह्या पाहून भडकले. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या सुशीलाची मुलगी कविता उठली. "सर चुकले होते, साहेब. तुमी चुकले तं कोठं पुसता?"

साहेबांनी चहा अर्धाच घेतला. लेखी खुलासा मी दिला, आणि आनंदाने दिला.

त्याच कविताची शाळा सातवीनंतर बंद, असं तिच्या बापाने ठरवलेलं. आमची शाळा सातवीपर्यंतच; आठवीला अर्जुनीला जावं लागे.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या शनिवारी सरांनी सुशीलाला चुलीवरून वर्गात बोलावलं. ती त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, हे मला तेव्हा कळलं. सरांनी कागद वाचला, "मी सुशीलाच्या बापाले सांगतलं होतं, पोरगी घरीच बरी." आणि ब्रश तिच्यापुढे धरला.

"खिचडी लागून राहिली, सर," ती म्हणाली. मग, "माह्या बापानं तवा तुमचंच आयकलं."

तिने ब्रश घेतला, ओळीवर जाड पट्टा ओढला आणि कागद सरांच्या हातात दिला.

"हे घेऊन आता माह्या घरी चाला. कविताचा बापबी तुमचंच आयकते."

सर शाईच्या हातांनीच सायकलकडे निघाले. ब्रश मी धुतला. खिचडी करपली होती. सगळ्यांनी मुकाट खाल्ली.

जूनमध्ये कविताचा दाखला मी अर्जुनीच्या शाळेच्या नावाने लिहिला.