एक पान जास्त

"तुमची नायिका बहात्तर पानं उपाशी आहे. पोलिसांत कळवू का?"

शेलारकाकांनी मला जिन्यात अडवून हे विचारलं, तेव्हा मी गारच पडले. माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित मी त्यांना विश्वासानं वाचायला दिलं होतं. त्यातल्या प्रेमभंगावर ते काही बोलतील अशी माझी आशा.

काकूंच्या माघारी काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. नोकरी खडकवासल्याला धरणावर झाली. निवृत्त झाल्यापासून फक्त जुन्या, जाडजूड कादंबऱ्या वाचतात. नव्या पुस्तकांना ते 'चहाबिस्किट' म्हणतात. मी एकदा त्यांच्या पुस्तकाचं पान खुणेसाठी दुमडलं, तर महिनाभर बोलले नाहीत.

"जुने लेखक वाचा, लेखिकाबाई. घरावर जप्ती येवो नाहीतर लढाई होवो, माणसं जेवायला बसतात. कोण कुणाला आग्रह करतं, कोण ताटावरून उठतं, त्यात सगळं कळतं. तुमच्याकडे नुसते उसासे!"

मी जाम चिडले. रविवारी दुपारी हस्तलिखित परत आणायला गेले. दार उघडंच होतं, आणि आत पाहून मी हादरले.

काका जेवत होते. समोर तांब्याला टेकवून एक जुनी कादंबरी उघडून ठेवलेली, आणि तिच्यावर आमटीचे डाग! जुने, नवे, पानभर!

"काका, अहो, पुस्तकावर आमटी?"

काका पहिल्यांदाच ओशाळले. शेजारची वही त्यांनी घाईनं मिटली, पण मला दिसलंच. पुस्तकाचं नाव, पान एकशे बारा, पिठलं-भाकरी, माणसं सात.

"सुमन गेल्यापासून एकट्याला घास उतरत नाही हो," ते ताटाकडे बघत म्हणाले. "म्हणून कुठल्या पानावर कोण जेवायला बसलंय ते लिहून ठेवतो. रोज एका घरी जातो. तुमच्या नायिकेचं घर नऊ माणसांचं. म्हटलं, या रविवारी तिकडे जाऊ. तर तिथं चूलच पेटलेली नाही."

एवढ्या वर्षांत हा माणूस कुणाबरोबर जेवतो, हे मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"काका, चला, वर आमच्याकडे जेवा."

"येईन. आधी त्या पोरीला जेवू घाला."

त्याच रात्री सातव्या प्रकरणात मी अख्ख्या घराला जेवायला बसवलं. माणसं नऊच आहेत. पानं मात्र दहा घेतली.