नांदुऱ्यापर्यंतचं तिकीट

प्रल्हादभाऊंना विंचू चावला तेव्हा सगळं घर चपला घेऊन विंचवामागे धावलं. प्रल्हादभाऊ मात्र पाय धरून, घामाने निथळत ओरडत होते, "मारू नका! आधी पाहा, तो माह्या पायावर आला का मी त्याच्या अंगावर पाय देला?" मारणारे क्षणभर थबकले आणि तेवढ्यात विंचू भिंतीच्या भेगेत पसार झाला. दुसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला, तरी भाऊंचं एकच: "त्याचंही काही म्हणणं असंलच ना बे."

अमडापूर आणि उंद्रीच्या मधे आमचं गाव. गावात या माणसाला 'डबल' म्हणत. तिशी उलटल्यावर, वाट्याचं शेत भावाच्या हवाली करून, प्रल्हादभाऊ शिकायला नागपूरला गेले. बरं, एक पदवी घ्यावी आणि परत यावं, तर तेही नाही. सकाळी कायदा, दुपारी राज्यशास्त्र, संध्याकाळी वृत्तपत्रविद्या. सुटीत गावी आले की पारावर कोणीतरी हाक मारीच, "काय डबल, वकील झाला का पुढारी?"

"दोन्ही नाही. शिकून राह्यलो."

"मंग तुह्या पोरीच्या लग्नात वकील होशील!"

यावर पार हसे. भाऊंना पोरगी नव्हती आणि घरात बायकोही नव्हती, म्हणून जरा जास्तच हसे.

मी तेव्हा विशीतला. आमच्या बौद्ध वस्तीत माझा बाप सभांना जाऊन पत्रकं आणी आणि आई ती भिंतीला चिकटवी. अक्षरओळख मी त्या भिंतीवरच केली. त्यामुळे जगात दोनच बाजू असतात, एक आपली आणि एक चुकीची, याबद्दल मला शंका नव्हती. भाऊंशी माझी मैत्री जमली ती या मुद्द्यावर भांडताभांडता.

एकदा मी त्यांना म्हणालो, "भाऊ, तीन तीन विषय कशाला?"

"कायदा म्हणते, समोरच्याले ऐकल्याशिवाय शिक्षा देऊ नका. राजकारण म्हणते, विरोधी बाकावरच्याले बोलू द्या. अन् वर्तमानपत्र म्हणते, ज्याच्याबद्दल लिहता त्याचं म्हणणं घ्या. तिन्हीत धडा एकच हाय."

"मग एकच शिकायचं."

"माह्यासारख्या ठोंब्याले एकदा सांगून समजत नाही," ते म्हणाले आणि कानावरची पेन्सिल उगाच तासू लागले.

ती पेन्सिल त्यांच्या कानावर कायम असे. घरात आई आणि भावजय मिठावरून भांडल्या तरी हे पेन्सिल काढून दोघींचे जबाब घ्यायला बसत. जबाब संपेस्तोवर भाकरी करपे, आणि मग त्या दोघी मिळून यांच्यावर तुटून पडत. एस.टी.त वाहक आणि प्रवासी भिडले की भाऊ मधे. एकदा खामगावच्या रस्त्यावर त्यांच्या सुनावणीपायी गाडी इतका वेळ थांबली की भांडणारे दोघे एका विडीवर समेट करून मोकळे झाले आणि बाकी गाडीने भाऊंना शिव्या दिल्या. भाऊ म्हणाले, "यांचंही बरोबर हाय."

त्यांचा आणखी एक वेडेपणा गावाला पाठ होता. नागपूरहून येताना जलंबला उतरायचं, तिथून खामगाव आणि मग आमची एस.टी., ही सरळ वाट. हा माणूस जलंब येऊन गेलं तरी खिडकीत बसून राही, पुढच्या नांदुऱ्याला उतरे आणि तिथून उलटा खामगावला येई. "डबल शिक्षण, डबल प्रवास," लोक म्हणत. मी विचारलं तर ते म्हणाले, "नांदुऱ्याचा चहा चांगला असते." मी तो पुढे प्यायलो आहे. तसा काही नव्हता.

आमच्या वस्तीला सरकारी विहीर मिळाली त्या वर्षीची गोष्ट. विहीर झाली, पण विहिरीच्या वाटेवर पाटलांनी बाभळीची काटी टाकली. बायका लांबच्या नाल्यावरून पाणी आणू लागल्या. मी पेटलो. एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात 'धिक्कार' हा शब्द इतक्यांदा होता की बाकीच्या शब्दांना श्वास घ्यायला जागा नव्हती. खामगावात भाऊंच्या ओळखीचा छापखाना होता, म्हणून ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

"सगळं खरं हाय. पण समोरच्याचं काय म्हणणं हाय?"

"भाऊ, काटी दिसते ना? काटीला कसली दुसरी बाजू?"

"काटीले नसंल. पाटलाले असंल."

मी भांडलो. तुम्ही पाटलांच्याच गोतातले, म्हणून तुम्हाला त्यांची बाजू सुचते, इथपर्यंत बोललो. ते रागावले नाहीत. पेन्सिल कानावर ठेवून पाटलांच्या ओट्यावर गेले. मी चरफडत मागून गेलो आणि अंगणात उभा राहिलो.

आपलं म्हणणं छापून येणार म्हटल्यावर पाटील फुलले. पानाचं तबक आलं. भाऊ एकेक शब्द उतरवून घेत होते.

"लिही, वाट सरकारी हाय हे मले मालूम हाय. मी काय अडाणी हाय का? पण काटी टाकाची चाल माह्या बापाची. बापाची चाल मोडली तर लोक काय म्हणतीन? तक्रार असंल तर सरपंचाकडं करा, आपण कुठं नाही म्हणतो? सरपंच मीच हाय. लिहलं का?"

"लिहलं."

"आपण ठराव केला, तक्रारीत दम नाही म्हणून. ठराव तक्रार येण्याआधीच करून ठेवला. काम कसं चोख पाह्यजे!"

भाऊंनी माझे सगळे धिक्कार काढून टाकले. वर आमच्या बायकांचं म्हणणं, खाली पाटलांचं, काना-मात्रा न बदलता. पत्रक छापून आल्यावर पाटलांनी स्वतः गठ्ठा मागवला, चावडीवर लोक जमवले आणि मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतलं. 'काम कसं चोख' येईपर्यंत चावडी पोट धरून हसत होती. पाटील आधी लोकांबरोबर हसले, मग एकटेच गप्प झाले. पत्रक तालुक्याला पोचलं. साहेब जीपने आले आणि काटी निघाली. आमच्या आया-बहिणींनी त्या विहिरीच्या पहिल्या हंड्यातलं पाणी भाऊंना पाजलं.

त्या दिवशी मी ठरवलं, आपणही हेच शिकायचं.

प्रवेशाची चौकशी करायला नागपूरला गेलो तेव्हा भाऊंचा शेवटचा पेपर त्याच दिवशी होता. परत आम्ही बरोबरच निघालो. मला वाटलं, माणूस आनंदात असेल. ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. जलंब आलं. मी पिशवी उचलली. ते उठले नाहीत.

"भाऊ, आजही नांदुरा?"

"आजच. आता नागपूर सुटलं. परत या लाइनीवर यायचं कारण उरलं नाही."

गाडी सुटल्यावर ते आपणहून बोलू लागले.

"माही बायको तिथं असते, भावाकडं. वत्सला. असते म्हंजे, काडी मोडली तेव्हापासून ती माही बायको नाही."

गवताची काडी मोडून फारकत देण्याची चाल मी ऐकून होतो. काडी मोडली की नातं मोडलं.

"तिले वाचाची भारी आवड. किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याबिगर चुलीत घालत नव्हती. त्यापायी दूध उतू जाये. बाबा म्हणले, असली बाई घरात नको. पंच बसले. बाबा बोलले, पंच बोलले, मी मान हालवली. ती दाराआड उभी होती. एवढे लोक बोलले, पण तिले कोणी इचारलं नाही, बाई, तुह्यं काय म्हणणं हाय? मी बी नाही."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं नांदुऱ्याला उतरून काय केलं?"

"तिच्या घरासमोर हॉटेल हाय. चहा पेतो. दार पाह्यतो. वापस येतो. वाटे, अजून आपली तयारी झाली नाही."

नांदुऱ्याला आम्ही त्या हॉटेलात बसलो. समोरच्या दारात एक बाई शिवणयंत्रापुढे बसली होती. केस कानाजवळ पांढरे. शेजारी वर्तमानपत्राची घडी. भाऊंचा चहा गार झाला, वर साय धरली.

"आज काही जमत नाही बे," ते म्हणाले. "चाल, एस.टी. हुकंल."

"भाऊ," मी म्हणालो, "पाटलाच्या ओट्यावर जाताना तुम्ही मला काय म्हणाला होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठले, समोरचा बोळाएवढा रस्ता ओलांडला आणि दारापाशी चपला काढून उभे राहिले. बाईंचं यंत्र थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दरवेळी हॉटेलातूनच जाता," त्या म्हणाल्या. "आज काऊन आले?"

भाऊंनी काढलेल्या चपला पायाने नीट जुळवून ठेवल्या. सगळ्या जगाला विचारलेला तो प्रश्न त्यांना एवढा जड झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"इचाराले आलो," अखेर ते म्हणाले, "तुमचं काय म्हणणं हाय."

बाईंनी हातातलं कापड यंत्रावर ठेवलं. मग आत गेल्या, पाण्याचा गडवा आणला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"बसा. थोडक्यात नाही सांगता येणार."

भाऊ ओट्यावर बसले. हात सवयीने कानाकडे गेला, पेन्सिल निघाली. त्यांनी ती क्षणभर बघितली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

मी हॉटेलातून उठून एस.टी.च्या थांब्यावर गेलो. बाईंची बाजू काय होती, मला माहीत नाही. ती छापायची नव्हती. गाडी आली तेव्हा मी एकट्याचंच तिकीट काढलं.