पाकातल्या पपईची चोरी

कस्तुराबाईंनी पातेल्याचं झाकण उचललं आणि चोरी पकडली. रात्री सुनेनं, सुचितानं, साखरेच्या दाट पाकात पपईच्या टपोऱ्या फोडी घातल्या होत्या. सकाळी फोडी आक्रसून निम्म्या झालेल्या आणि पाक मात्र वाढून पातळ झालेला. जन्मभर म्हशी सांभाळून दूध विकलेल्या बाईला आणखी पुरावा कशाला हवा? कोणीतरी पपई खाल्ली होती आणि कळू नये म्हणून वरून पाणी ओतलं होतं.

घरात संशयित एकच. त्यांच्या नवऱ्याला, चंपतरावांना, शुगर होती. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून त्यांची देवभक्ती फार वाढली होती, कारण प्रसादाला बंदी नव्हती.

"किती खाल्ली?" कस्तुराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"देवाशपथ, मी हात नाई लावला!"

"मंग पाणी काय आभाळातून पडलं?"

खरी पंचाईत वेगळीच होती. कारंजाचे आइस्क्रीमवाले गुलाबसिंग माल चाखायला येत होते आणि सुचिता त्यांना आणायला कामरगावच्या स्टँडवर गेली होती. सौदा जमला, तर बांधावर सडून जाणारी पपई अशी पाकातून काढून, गोठवून वर्षभर विकता येणार होती. पण पाहुण्यापुढे उष्टं ठेवणं कस्तुराबाईंच्या सात पिढ्यांत बसत नव्हतं. त्यांनी पदर खोचला, पातेलं उचललं आणि गोठ्याकडे निघाल्या.

"अवं, कुठं चालली?"

"म्हशीले टाकते."

पोरीची सगळी मेहनत म्हशीपुढे चाललेली चंपतरावांना बघवेना. सुनेवर त्यांचा भारी जीव. त्यांनी न केलेला गुन्हा कबूल करून टाकला.

"थांब! मीच खाल्ली. पण धुतल्या चमच्यानं, वाटीत काढून खाल्ली. उष्टी नाई केली!"

"अन् पाणी?"

"तेबी माठातलंच. चांगलं गाळेल."

कस्तुराबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याला फैलावर घेतलं. तेवढ्यात सुचिता पाहुण्यांना घेऊन आली. सगळं ऐकून तिला हसू आवरेना.

"आई, कोणीच नाई खाल्ली. पाकानं फोडीतलं पाणी ओढून घेतलं अन् गोडी आत गेली. असंच व्हाले पाह्यजे. पाणी कमी झालं की गोठवल्यावर फोड लिबलिबीत होत नाई."

"मंग तुमी कबूल काहून झाले?" कस्तुराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तू म्हशीकडं निघाली होती न!"

कस्तुराबाईंचे डोळे भरून आले. असा नवरा मिळायला पुण्य लागतं, असं त्यांना मनापासून वाटलं. इकडे सुचितानं फ्रीजरमधली, मागच्या घाण्यातली फोड गुलाबसिंगांना दिली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सौदा पक्का! जेवढी बनवान तेवढी माही."

घरात आनंदीआनंद झाला. कस्तुराबाईंनी स्वतः फ्रीजर उघडला. "आज तुमीबी एक फोड खा. मी देते माह्या हातानं."

"खालच्या डब्यातली देजो," चंपतराव हरखून म्हणाले. "वरच्या डब्यातली लई कडक हाय. दात लावून लावून परत ठेवा लागली मले."

गुलाबसिंगांचं चघळणं थांबलं.

"बहिनजी," त्यांनी सुचिताला विचारलं, "मले कोणत्या डब्यातली देल्ली?"