पाइपावरचा चतुर

“आपला पाइप हुडकनारा अजून जन्माला यायचाय!” गहिनीनाथ मिशीला पीळ देत बायकोला म्हणाला.

“आला तर आधी तुमीच पळाल!” मालनबाईनं भाकरी उलटली.

साल दुष्काळाचं. कोल्हारच्या शिवारात पाटाचं पाणी पाळीनंच मिळायचं. साऱ्यांचा ऊस पिवळा पडलेला, गहिनीनाथाचा मात्र बोहल्यावरच्या नवरदेवासारखा तुकतुकीत! लव्हाळ्यात दडवलेला त्याचा पाइप पाटातलं पाणी चोरून ओढायचा. पाइप गळून डबकं साचलं होतं आणि त्यावर चतुर, टाचण्या असले पंखवाले किडे भिरभिरत असायचे. त्यांच्याकडं बघायला गहिनीनाथाला सवड कुठली!

एका रविवारी तो बांधावर आला आणि जागीच थिजला. डबक्याशी एक पँटवाला पालथा पडलेला. डोळ्याला कॅमेरा. आणि रोख थेट पाइपावर!

आता पंचनामा! मग पाळी बंद! मग उभ्या उसाचं सरपण!

“रामराम सायेब! च्या घेता?”

“श्श! हलू नका. बसलाय!”

कोन बसलाय? फौजदार? लव्हाळ्यात आणखी किती दडलेत? गहिनीनाथ खांबासारखा उभा राहिला. धोतर तेवढं थरथरत होतं.

खटक्!

त्यानं हातच जोडले. “पाया पडतो सायेब! पाइप माझाच हाय! पन निस्ता उसापुरता घेतो हो!”

“कसला पाइप?” पँटवाल्यानं मान वर केली. “मी त्या तांबड्या चतुराचा फोटो काढतोय.”

हात्तिच्या! किडे टिपणारा मास्तर! गहिनीनाथाचा जीव भांड्यात पडला. पण जीव आत गेला की काहींची जीभ बाहेर येते. त्यानं चहा मागवला, लव्हाळं बाजूला सारलं आणि पाणी कसं ओढतो, पाटकरी दिसला की पाइप चिखलात कसा दाबतो, सगळं करून दाखवलं.

“कोन्च्या शाळंत असता, गुरुजी?”

“शाळेत नाही, पाटबंधारे खात्यात. मी नृसिंह जोशी. परवाच बदलून आलोय, कालवा निरीक्षक म्हणून.”

गहिनीनाथानं कपबशी खाली ठेवली. “म्हंजी... पंचनामा?”

“करावाच लागेल हो. पण मघाचा फोटो हलला. उद्या ऊन चढलं की येतो. तोवर पाइप काढू नका, चतुराला ती जागा आवडलीय. आधी फोटो, मग पंचनामा.”

म्हणजे चतुर बसला की ऊस वाळला!

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून गहिनीनाथ पंचा फिरवत चतुर हाकत सुटला.

“अवो, गोफन आनू का?” मालनबाई ओरडली. “का बुजगावनं म्हनून तुमालाच रोवू?”

साहेब आले, पालथे पडले. तांबडा चतुर दोन घिरट्या मारून नेमका पाइपावर टेकला. साहेबांनी श्वास रोखला. गहिनीनाथाला तर श्वासच सापडेना. शेवटी जिवाच्या करारानं त्यानं पाइपावरच उडी घेतली.

खटक्!

“उडाला!” साहेब हळहळले.

“उडाला!” गहिनीनाथ नाचला.

आठवड्यानं नगरहून फोटो धुऊन आला. चतुर त्यात कुठंच नव्हता. पाइप मात्र स्वच्छ आला होता आणि त्यावर दोन्ही पाय रोवून, पंचा उंच धरलेला पाइपाचा मालकही! पंचनाम्याला याहून चांगला पुरावा शोधून सापडला नसता.

गहिनीनाथ मान खाली घालून अंगठा उठवत होता. मालनबाईनं पदर सावरला आणि साहेबांना हळूच विचारलं, “आनखी एक काढून मिळंल का? ह्यांचा घरात एकबी फोटू न्हाई.”